राखीव जोडी

स्पर्धेच्या कचेरीबाहेरच्या बाकावर नणंद-भावजय सकाळपासून बसून होत्या. महिला दुहेरीच्या राखीव यादीत त्यांचं नाव होतं. कुणी माघार घेतली तरच खेळायला मिळणार होतं. वहिनी अडतीस वर्षांची, एरवी क्लबात मुलांना टेनिस शिकवायची. असं ताटकळण्याचं तिचं हे सहावं वर्ष.

दुपारी एका खेळाडूचा घोटा मुरगळला आणि या दोघींना बोलावणं आलं.

पहिला सेट वीस मिनिटांत १-६ असा गेला. नणंदेचा चेहरा पडला.

"वहिनी, लोक हसतायत."

"हसू देत. तू फक्त सर्व्हिस आत टाक, नेटवर मी बघते."

वहिनी नेटला चिकटून उभी राहिली. एक चेंडू सणसणत मांडीवर बसला, तरी ती तसूभर मागे सरली नाही. तिला चुकवायच्या नादात समोरच्या दोघी चेंडू बाहेर मारू लागल्या. दुसरा सेट यांनी घेतला. निर्णायक टायब्रेक दहा-आठ असा जिंकला, तेव्हा नणंदेला रडू आवरेना.

वहिनीने घाम पुसत घरी फोन लावला.

"अहो, उद्याही मुलांना शाळेत तुम्हीच सोडा. आमची दुसरी फेरी आहे."