लालपोटी आणि हिरवपोटी

गारिफालियाला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या आमच्या डोंगरातलं पान न् पान तिच्या ओळखीचं. बेचाळीस बकऱ्या, एक कुत्रा, आणि जीभ अशी की पाद्रीबाबासुद्धा तिला बघून रस्ता बदलायचे. नवरा गेला तेव्हा तिसऱ्या दिवशीच बकऱ्या घेऊन निघाली. बायका कुजबुजल्या. ही म्हणली, "दुःख मला झालंय गं. बकऱ्यांना भूक लागलीय."

गावामागच्या उतारावर मार्चमध्ये मधमाशीची फुलं येतात. शहरातली माणसं त्यांना ऑर्किड म्हणतात. तपकिरी मखमलीची पाकळी, मधे निळी चकाकी, बघावं तर माशीच बसलीय. खुद्द माशीचा नर फसून येऊन चिकटतो, तिथं माणसाची काय कथा! त्यात एक जात साधी, कुठंही उगवणारी. दुसरी फार थोडी, आमच्याच भागातली. दिसायला दोघी जुळ्या बहिणी.

चार वर्षांमागं वनखात्यानं उताराचा एक तुकडा तार मारून बंद केला होता. यंदा लिआंद्रोस नावाचा कोवळा साहेब आला आणि मानुसोसच्या कॉफीच्या दुकानात, सगळ्यांसमोर त्यानं कागद वाचला. तारेच्या आत दुर्मिळ फुलं वाढून एकेचाळीस झाली. म्हणून आता अख्खा उतार बंद. ईस्टरनंतर तिथं बकरी दिसता कामा नये.

दुसरं चरायला कुठंच नव्हतं. उतार गेला म्हणजे कळप गेला, आणि कळप गेला की गारिफालियानं काय करायचं, लेकीच्या घरी अथेन्सला चौथ्या मजल्यावर बसून रस्ता बघायचा?

"कोणी मोजली फुलं?" तिनं विचारलं.

"मीच मोजली, मावशी."

"उभ्यानं का बसून?"

दुकानात हशा पिकला. लिआंद्रोस लाल झाला. "फोटो काढलेत. सगळे आहेत माझ्याकडे."

"वरनं काढलेस. वरनं तर माझी सासूपण गोड दिसायची."

मानुसोस म्हणला, "गारिफालिया, शिकलेला माणूस आहे तो."

"मग चल म्हणावं डोंगरावर. शिकलेल्याला पाय असतात ना?"

गेला बिचारा. ती पुढं, तो धापा टाकत मागं. तारेच्या आत गवत गुडघाभर, काटेरी झुडपं माजलेली. पहिल्या फुलापाशी ती बदकन बसली आणि बोटाच्या टोकानं ती मखमली पाकळी हळूच उलटी केली. खालून लालभडक, द्राक्षाच्या लाल दारूत बुडवल्यासारखी.

"लालपोटी," ती म्हणली. "ही साधी. तुमची ती दुर्मिळ पोटाला हिरवी असते. पुढचं बघ."

तेही लाल. त्याच्या पुढचंही लाल.

हे तिला आईकडनं आलेलं. आमच्या आया-आज्ज्या थंडीत या फुलांचे कंद खणून, वाळवून, दळून गरम पेय करायच्या. प्रत्येक रोपाला दोन कंद, एक जुना सुरकुतलेला, एक नवा टणक. काढायचा तो लालपोटीचाच. हिरवपोटीला हात लावायचा नाही, ती थोडी आहे. थंडीत फूल नसतं, म्हणून फुलाच्या दिवसांतच पोरींनी खाली वाकून प्रत्येकीचं पोट बघायचं आणि लालपोटीच्या शेजारी खडा ठेवायचा. गारिफालियानं सात वर्षांची असताना घाईनं हिरवीपाशी खडा ठेवला होता. आईनं अशी थोबाडीत दिली की दात हलला.

दुपारपर्यंत लिआंद्रोस गुडघ्यावर रांगत होता. तारेच्या आत एकेचाळीसातली एकोणचाळीस लाल निघाली. मग ती त्याला बाहेर घेऊन गेली, बकऱ्यांच्या वाटेवर, खुरटलेल्या झुडपांमधे. तिथं त्यानं स्वतःच्या हातानं पाकळ्या उलटल्या. तेवीस हिरव्या.

"पण बकऱ्या फुलं खातात की, मावशी!"

"खातात. मी कुठं नाही म्हणते? दहातलं एक खातात. पण झुडूप खातात, गवत खातात, म्हणून बाकीच्या नवांना ऊन मिळतं. तुझ्या तारेनं ऊन बंद केलं."

त्यानं वही काढून दोन्ही आकडे लिहिले. मग म्हणला, "मी हे सगळं लिहितो. चूक माझी होती, तेही लिहितो. पण तार काढायचं वरचे ठरवतील. दोन वर्षं लागतील. तोवर तुम्ही उतारावर येऊ नका."

"तू लिही. तुझं काम ते. मी उद्या येणार, परवा येणार, ईस्टरनंतरही येणार. तारेच्या आत मात्र आत्ता नाही शिरणार, दोन हिरव्या आहेत तिथं. त्यांच्या शेंगा वाळून बी उडू दे."

"दंड होईल!"

"होऊ दे. पकडून न्यायचं तर बेचाळीस बकऱ्यांनाही न्या, दूध काढायला माणूस पाठवा."

ईस्टर झाला. ती रोज उतारावर. दोनदा नोटीस आली, दोन्ही तिनं मानुसोसकडनं मोठ्यानं वाचून घेतल्या, आणि दोन्ही वेळा म्हणली, "झालं? मग कॉफी दे."

जूनमधे शेंगा फुटल्या. एका सकाळी, दहाच्या सुमाराला, चांगलं ऊन पडल्यावर, ती पक्कड घेऊन निघाली. जाताना मानुसोसला म्हणली, "कचेरीत फोन लाव. सांग, गारिफालिया तार काढतेय. लपूनछपून केलं असं कोणी म्हणायला नको."

लिआंद्रोस गाडी घेऊन पोचला तेव्हा अर्धी तार निघाली होती. तो खांबापाशी उभा राहिला. तिनं गुंडाळलेली तार त्याच्या हातात कोंबली.

"धर. सरकारची आहे, मला नको."

आणि बकऱ्यांना शीळ घातली.