‘जम्या, बेन?’

माघातल्या एका रविवारी, सकाळी पावणेअकराच्या सुमारास, सावली या गावाच्या चार किलोमीटर अलीकडे, रस्त्याकडेच्या एका शेताच्या बांधावर मी एका अनोळखी बाईला ‘नाही जमत’ असं म्हणाले आणि तिने मला जेवायला वाढलं. घडलं ते एवढंच. त्याआधीचं आणि नंतरचं मी क्रमाने लिहिते, कारण आमच्या ओळखीत हा प्रसंग आता तीन-चार प्रकारे सांगितला जातो आणि त्यातल्या एका प्रकारात तर ती बाई शेवटी अंतर्धान पावते. ती पावली नाही.

मी बडोद्यातल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत सव्वीस वर्षं बातम्या तपासण्याचं काम केलं. कुणी ‘असं म्हणतात’ म्हटलं की ‘कोण म्हणतं?’ हे विचारायची सवय तिथून लागली. घरात या सवयीचं कुणाला कौतुक नाही. माझे यजमान कोयलीच्या रिफायनरीत शिफ्ट-इन्चार्ज होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांत मूत्रपिंडांचा त्रास सुरू झाला, तेव्हा ह्यांनी डाकोरच्या रणछोडरायाला सांगून ठेवलं की मी बडोद्याहून पायी दर्शनाला येईन. त्या फाल्गुनात पाय चालत होते, पण आमच्याकडे पाहुणे होते. पुढच्या फाल्गुनात जाऊ म्हणाले. पुढच्या फाल्गुनापर्यंत डायलिसिस सुरू झालं होतं, आणि आता आमच्या कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत जाऊन आले तरी दोनदा बसावं लागतं. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या ते छताकडे बघत म्हणायचे, “माझ्याकडून राहिलंय गं ते.” आजाराबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. हे एक वाक्य मात्र ते आठवड्यातून दोनदा म्हणत, आणि मला ते ऐकवेनासं झालं होतं.

ह्या वर्षी आमच्या मराठी मंडळाने फाल्गुन पौर्णिमेच्या आधी बडोदे ते डाकोर असं तीन दिवस चालायचं ठरवलं. चालणाऱ्यांच्या नावाने ओळखीच्यांनी देणगी द्यायची, आणि त्यातून ज्या दवाखान्यात ह्यांचं डायलिसिस होतं तिथे आणखी एक यंत्र घेऊन द्यायचं. यादी मोबाइलवर आली. तिच्यात सातवं नाव माझं होतं.

“माझं नाव कुणी दिलं?”

“मी.”

“अहो, विचारायची पद्धत असते!”

“रिलीव्हर आल्याशिवाय शिफ्ट सोडता येत नाही,” हे म्हणाले. “चाळीस वर्षं तोच नियम. नवसालाही तोच असणार. मी रणछोडरायाला कळवलंय.”

“काय कळवलंय?”

“बदली पाठवतोय म्हणून.”

मी देवाधर्माची नाही. लग्नाच्या आधीच हे मी सांगितलं होतं आणि तेव्हा ह्यांनी हरकत नाही म्हटलं होतं. मी हो म्हणाले ती त्या छताकडे बघून म्हटलेल्या वाक्यासाठी. ते थांबावं, एवढाच माझा हेतू होता.

तयारी पौषात सुरू झाली. तयारी म्हणजे माझं चालणं आणि ह्यांची वही. रिफायनरीत शिफ्ट बदलताना नोंदवही लिहितात. कोणतं यंत्र चालू, कोणतं बंद, कुणी कुणाला चार्ज दिला. तशीच एक वही ह्यांनी माझ्यावर सुरू केली. पहिला आठवडा कमाटीबागेतल्या फेऱ्या. मग रविवारी शहराबाहेर. एकदा कोयलीच्या बाजूला, एकदा आजव्याच्या तलावाकडे, मग सावलीच्या वाटेवर. मी चालायचं आणि ह्यांनी गाडीतून पुढे जाऊन घडीच्या खुर्चीत बसायचं. मी धापा टाकत पोहोचले की घड्याळ बघून, “अकरा मिनिटं लेट,” असं म्हणायचं. आजव्याला तर ह्यांनी सहलीसारखी सतरंजी पसरली होती आणि मोड आलेले मूग आणले होते. मीठ नसलेले. ह्यांना मीठ मना आहे, म्हणून घरात सगळ्यांनाच ते मना आहे. मंडळातल्या लोकांचे सल्ले वेगळे. कुणी म्हणे मोजे दोन घाला, कुणी म्हणे मुळीच घालू नका. अलकापुरीतल्या एका बाईंनी तळव्यांना एरंडेल लावायला सांगितलं, त्याने मी न्हाणीघरात घसरले. सहा आठवड्यांत माझं वजन जराही कमी झालं नाही आणि संयम संपूर्ण गेला.

मंडळाचा नियम असा होता की ज्याने माघ संपायच्या आत एका दिवसात वीस किलोमीटर चालून दाखवलं नाही, त्याचं नाव कमी होईल. तो शेवटचा रविवार होता. शहराबाहेरच्या फाट्यापासून सावली, बावीस किलोमीटर.

सकाळी ह्यांनी उपमा केला होता. बिनमिठाचा. मला मधुमेह आहे. गोळी घ्यायची आणि मग अर्ध्या तासात नाश्ता करायचा असा डॉक्टरांचा हुकूम आहे. गोळी मी घेतली. ह्यांनी बशी पुढे केली आणि वही उघडून म्हणाले, “मागच्या रविवारचा तुझा सरासरी वेग…” मी बशी परत सरकवली. तुमचा पथ्याचा उपमा तुम्हीच खा, म्हणाले. ह्यांनी माझ्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू घातले होते, तेही मी काढून टेबलावर ठेवले. मी सहलीला चाललेली नाही, असंही म्हणाले. फाट्यापर्यंत ह्यांनी गाडीने सोडलं. सव्वासहाला मी चालायला लागले आणि गाडी सावलीकडे निघून गेली.

नऊपर्यंत सगळं नीट होतं. दोन्ही बाजूंना एरंडा, मधूनमधून तंबाखू, हवेत गारवा. त्यानंतर मला राग यायला लागला. आधी ह्यांचा, मग मंडळाचा, मग समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा, मग माझ्या डाव्या बुटाचा. गारव्यात पाठ घामाने भिजली होती. हात कापत होते, आणि ते रागाने कापतात अशी माझी खात्री होती. ‘सावली ४’ असं लिहिलेल्या दगडापाशी मी थांबले. तो आकडा चुकीचा छापला गेला आहे, असं मला ठामपणे वाटलं. तो आता दुरुस्त कसा करायचा, याचा विचार करत मी तिथे किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही.

बांधावर लिंबाच्या सावलीत एक बाई बसली होती. साठीची असेल. पुढ्यात फडक्यात बांधलेला डबा. ती माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं ते ‘जमलं?’

मी बडोद्यात जन्मले. गुजरातीत ‘जमवुं’ म्हणजे जेवणं, आणि ‘जम्या?’ म्हणजे ‘जेवलात का?’, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. महाराष्ट्रातून नवा जावई आला की त्याला कुणीतरी ‘जम्या?’ विचारतं, तो ‘हो, जमलं’ म्हणतो आणि उपाशी राहतो. ही आमच्या शहरातली सगळ्यात जुनी थट्टा आहे, मीही ती केलेली आहे. पण त्या दगडापाशी मी गुजराती विसरले होते. मला वाटलं, आता ही रस्त्यावरची बाईसुद्धा मला हिशेब विचारते आहे. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, “नाही. नाही जमत.”

“हाय हाय, नथी जम्या?” ती उठलीच. “अगियार थवा आव्या! बेसो, बेन, बेसो.” अकरा वाजत आले होते.

तिने माझा दंड धरून मला खाली बसवलं. मी ‘नको’ म्हणत होते बहुधा. तिने फडकं सोडलं आणि गुळाचा एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. “पहेलां गोळ,” म्हणाली, आणि मी तो खाईपर्यंत समोरून हलली नाही. मग बाजरीचा रोटला आणि स्टीलच्या पेल्यात ताक. दुसरा पेला संपताना मला दिसायला लागलं की ती बाई सावळी आहे, तिच्या कपाळावर गोंदण आहे, दगडावरचा आकडा बरोबर आहे आणि मी रडते आहे.

“ना जमाय तो ना पाडवी,” ती म्हणाली. जेवायचं नाही तर नाही म्हणायचं, त्यात रडायचं काय. तिची समजूत तीच होती, आणि मला ती दुरुस्त करावीशी वाटली नाही.

फोन लागेना म्हणून हे गाडी घेऊन उलटे आले, तेव्हा मी अर्धा रोटला हातात घेऊन बसले होते. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. किती चालून झालं ते ह्यांनी विचारलं नाही, वहीही काढली नाही. तासाभराने मी म्हटलं, वीसला दोन कमी आहेत. हे नको म्हणाले, मी चालले. गाडी चालण्याच्या वेगाने माझ्यामागे येत राहिली. दोन किलोमीटर संपले तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या बाईचा पेला माझ्या हातातच राहिला आहे.

सोमवारी डॉक्टर रागावले. रिकाम्या पोटी गोळी घेऊन साडेचार तास चालल्यावर साखर किती खाली गेली असेल याचा अंदाज त्यांनी सांगितला. आणखी थोडा वेळ तशीच चालले असते तर रस्त्यात पडले असते, म्हणाले. चिडचिड, घाम आणि भाषेचा गोंधळ ही लक्षणं असतात, असंही म्हणाले. “चिडचिड हे लक्षण कधीपासून आहे?” त्यांनी विचारलं. “लग्नापासून,” हे म्हणाले.

त्या दिवशी दुपारी मी ह्यांची वही उघडली. नोंदी तपासायच्या, एवढंच मनात होतं. रविवारच्या पानावर होतं: ‘५.३० — गोळी घेतली. नाश्ता: नाही. ६.१५ — फाट्यावर सोडली. रागात आहे. पुढचा चार्ज रणछोडरायाकडे दिला.’ खाली सही होती. अक्षर पेनाचं, खाडाखोड नाही. नंतर लिहिलेलं आहे का, हे मी ह्यांना विचारलं. “चार्ज दिल्यावर लगेच लिहितात,” हे म्हणाले. “नंतर लिहिलं तर मेमो मिळतो.”

गुरुवारी पेला परत करायला मी सावलीच्या वाटेवर गेले. ती तिथेच होती. जशीबेन तिचं नाव. आधी पेल्याबद्दल बोलली. सहाच्या संचातला होता. मग मी माझे प्रश्न विचारले. रविवारी तिचा मुलगा सासुरवाडीला गेला होता, हे तिला शेतावर येऊन कळलं, म्हणून त्याची भाकरी उरली होती. एरवी ती दहालाच घरी परतते. त्या दिवशी का थांबली, हे तिला सांगता आलं नाही. “एम ज,” म्हणाली. उगाच. आणि आधी गूळ का दिला? तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि हसून सांगितलं की आमची म्हैस अशी डुलायला लागली की आम्ही तिला आधी गूळच देतो.

माझ्याकडे याहून जास्त माहिती नाही. मिळालेल्या माहितीवरून काय ठरतं, ते ठरवण्याचं काम मी सव्वीस वर्षं केलं, आणि इथे मी ते करत नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ‘नाही जमत’ हे शब्द मी कचेरीत कधी उच्चारले नाहीत, घरात नाहीत, ह्यांच्या आजारात एकदाही नाहीत. कुणाला तरी चार्ज द्यावा लागतो, हे ह्यांना चाळीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं. मला ते माझ्या इच्छेविरुद्ध, चुकीच्या भाषेत, एका परक्या बांधावर म्हणावं लागलं, आणि समोरच्या बाईने त्याचा चुकीचा अर्थ लावून नेमकं हवं तेच हातावर ठेवलं. त्या दिवसापासून मी संध्याकाळी ह्यांच्या देवापुढे दोन मिनिटं उभी राहते. मागत काही नाही. गूळ ठेवते.

फाल्गुनात आम्ही चौदाजण चाललो. पहिल्या दिवशी दुपारी जशीबेन बांधावर उभी होती. तिने सगळ्यांना ताक दिलं आणि पेले मोजून परत घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डाकोरला पोहोचलो. गर्दीत हे देवळाच्या बाहेर घडीच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर डबा, डब्यावर वही. माझ्या पायांकडे बघून त्यांनी विचारलं, “जमलं?”

“अजून नाही,” मी म्हटलं. “आधी खायला काढा.”

डब्यात उपमा होता. बिनमिठाचा. मी खाल्ला. मग ह्यांना हाताला धरून दर्शनाच्या रांगेत नेलं.

यंत्र अजून बसलेलं नाही. मागणी नोंदवली आहे. त्यानंतरच्या मंगळवारी आणि शुक्रवारी हे खुर्चीत पडल्या पडल्या छताकडे बघत राहिले, पण ते वाक्य म्हणाले नाहीत. वहीतल्या शेवटच्या पानावर दोन नोंदी आहेत.

‘८.०५ — रिलीव्हर पोहोचली.

८.२० — नाश्ता: हो.’