अतुलच्या नावाचा मेसेज

दवनीवाड्यात पार्वताबाईला गंडवणारा अजून जन्माला यायचा होता. रोवण्याच्या दिवसांत वीस बाया गोळा करून धान लावायला चिखलाच्या बांधीत उतरवणारी बाई. मजुरीत कुणी चलाखी केली की भर चौकात त्याची अब्रू काढायची. ‘आपका एटीएम बंद हो जाएगा’ म्हणणाऱ्या फोनवाल्याला तिनं असं झापलं होतं, की गाव आठवडाभर हसत होतं.

२०१६च्या दिवाळीनंतर एका दुपारी तिची मुलगी खुशबू मोबाईल घेऊन अंगणात आली, पांढरीफटक पडलेली. फेसबुकवर अतुलचा मेसेज होता. अतुल तिचा भाऊ. दोन वर्षांपूर्वी तिरोड्याच्या रस्त्यावर त्याला ट्रकनं उडवलं होतं. ‘मैं अस्पताल में हूँ. पैसे भेजो, जल्दी.’

पार्वताबाईनं मोबाईल हातात घेतला. मग तिनं मेसेजशेजारचा अतुलचा फोटो निरखून पाहिला. खांद्याजवळ झेंडूच्या हाराची कड राहून गेली होती. पुण्यतिथीला मित्रांनी घरच्या सगळ्यांची नावं जोडून श्रद्धांजलीचं पोस्टर फेसबुकवर टाकलं होतं. त्यातूनच कुण्या मुडद्यानं पोराचा चेहरा कापून घेतला होता.

“फ्रॉड आहे माय. ब्लॉक करून टाकू?”

“थांब.”

अतुलला उडवलं त्या दिवशी पार्वताबाई बांधीच्या चिखलात होती, मोबाईल कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत. अनोळखी नंबरवरून तीनदा फोन आला. ठगाचाच असणार म्हणून तिनं तिन्ही वेळा कापला, वर बायांना हसून सांगितलं. तो रस्त्यावरचा कुणी भला माणूस होता. अतुलनंच त्याला आईचा नंबर सांगितला होता. ती दवाखान्यात पोचली तोवर पोरगा गेला होता. आपल्या हुशारीची तिला त्या दिवसापासून किळस आली होती, पण हे तिनं कुणाला, खुशबूलासुद्धा, कधी सांगितलं नाही.

“पैसे नोको पाठवू,” ती म्हणाली. “पण लिव, आमी निंगालो. येऊन राहिलो म्हण.”

“माय, तो अतुल नाही ना वं.”

“मले समजत नाही का? लिव तू.”

खुशबूनं डोळे पुसत लिहिलं. तिकडून लगेच बँकेचा खाते नंबर आला.

“आता कर बंद,” पार्वताबाई म्हणाली.

खुशबूनं ते खातं ब्लॉक केलं आणि मान वर केली. पार्वताबाईनं पायात चपला घातल्या होत्या.