काका पडले नव्हते

काका गेले त्या दिवशी मी डहाणूला, कॉलेजच्या वाचनालयात बसले होते. फोन काकीचा होता. ती रडत नव्हती. "तुझा काका गेला. ये," म्हणाली, आणि थोडं थांबून, "तो कागद घरात आणू नको." कागद माझ्या दप्तरातच होता. काकांच्या फौजेतल्या नोंदीत दुरुस्ती व्हावी म्हणून मी लिहिलेला अर्ज. आमच्या गावी, वेवजीला पोचेपर्यंत ते दप्तर मी मांडीवर घेतलं नाही, पायाशी ठेवलं. घरी गेल्यावर ते शेजारच्यांच्या ओट्यावर टाकलं आणि मगच काकांपाशी गेले. याला आता सात आठवडे झाले.

काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. आमच्या पाड्यावरून फौजेत गेलेले पहिले, आणि अजून तरी एकटेच. निवृत्तीनंतर उंबरगावच्या एका कारखान्यात रखवालदार होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. कॉलेजच्या प्रवेशाला माझ्याबरोबर रांगेत तेच उभे राहिले, इस्त्रीचा शर्ट घालून, डावा पाय जरा पुढे टाकून. तो पाय त्यांना नीट वाकवता येत नसे. गुडघ्याच्या वर मांडीत एक खड्डा होता आणि दर उन्हाळ्यात तो ओला व्हायचा. काकी त्यावर हळदीचं फडकं बांधायची. लहानपणी मी विचारलं की म्हणायचे, "काटा लागला." मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण आमच्याकडे सगळे असंच बोलतात. साप चावू दे, रानडुकराने फाडू दे, जखम सुकेपर्यंत तिचं खरं कारण तोंडातून काढायचं नाही. काढलं तर ते परत येतं, असं मानतात. काटा लागला म्हणायचं, नाहीतर पडलो म्हणायचं. सुकली की मग सगळं सांगायचं, अगदी रंगवून.

तलासरीच्या बाजारात काकांच्या वयाचे लोक त्यांना 'पडका फौजी' म्हणत. "लढाईला गेला आन् घसरून आला," असं एक जण टपरीवर माझ्यादेखत म्हणाला. काका हसले. "तिकडचा डोंगर लय गुळगुळीत रे," म्हणाले आणि त्यालाच बिडी दिली. मला मात्र हसता आलं नाही.

गेल्या वर्षी कसल्याशा दाखल्यासाठी मी त्यांची फौजेची कागदपत्रं उघडली. त्यात लिहिलं होतं, रेशन वाहताना पडून डाव्या मांडीस दुखापत, शत्रूच्या कारवाईशी संबंध नाही. मी विचारलं, "काका, हे कोणी लिहिलं?"

"लिहिलं कारकुनाने. सांगितलं मी."

मग हळूहळू कळलं. तंबूत जखमी ओळीने निजवले होते, डॉक्टरला मान वर करायला वेळ नव्हता. टाके घालता घालता कोणीतरी विचारलं, कशाने लागलं? "आणि मला माझी आई दिसली, पोरी. बोलून गेलो, पडलो." जखम सुकली की खरं सांगू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ती सुकलीच नाही... डोंगरावरच्या चौकीत त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूचे दोघे जागीच गेले होते. कागद म्हणत होता की काका त्या वेळी तिथे नव्हतेच, खाली रेशनच्या वाटेवर होते. टोमण्यांचं त्यांना काही नव्हतं, हे मात्र आत खात होतं. "त्यांच्या घरच्यांनी कधी बघितलं तर? बोलतील, हा तेव्हा कुठे होता?"

नोंद बदलायची तर त्यांचा जबाब हवा होता, त्यांच्याच शब्दांत. ते टाळत राहिले. शेवटी मी म्हटलं, "काका, नुसतं बोलल्याने काही होत नाही." हे वाक्य माझं आहे.

एका दुपारी ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. तोफगोळा कसा आला, आधी शिट्टीसारखा आवाज, आणि मग कसलाच आवाज नाही. काकी नाचणी पाखडत होती. तिने सूप तिथेच ठेवलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी लिहीत राहिले. काकांनी सही केली, आणि नंतर कितीतरी वेळ अंगणापलीकडच्या वाटेकडे बघत बसले, कोणी यायचं असल्यासारखे.

नवव्या दिवशी मांडी सुजली. वापीच्या दवाखान्यात फोटो काढला तेव्हा आत लोखंडाचा तुकडा दिसला. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं आत होता, कधीतरी हे होणारच होतं. विष रक्तात गेलं होतं. डॉक्टरांचं मला पटतं. मी विज्ञान शाखेत शिकते... तरीसुद्धा मी ते नऊ दिवस पुन्हा पुन्हा मोजते.

राख सावडताना बाबांना तो तुकडा सापडला, चिकूच्या बीएवढा. पळसाच्या पानात गुंडाळून ते घेऊन आले. काकीने त्यांना अंगणातच थांबवलं. शेवटी एका पत्र्याच्या डबीत घालून तो कुंपणाजवळच्या जांभळीला टांगला. वारा सुटला की आत वाजतो. काकी मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात आम्ही दोघी पालघरला, माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो. मांडीचा फोटो जोडला होता, काकांच्या एका सोबत्याचं पत्रही आलं होतं. काका गेल्यामुळे आता काकीचाही जबाब लागत होता, तेवढाच उरला होता. तिथला कारकून भला माणूस होता. त्याने तिला पाणी दिलं. "मावशी, तुमच्या तोंडून ऐकायचंय फक्त. कशाने लागलं होतं साहेबांना?"

काकीने पेला खाली ठेवला. मग तिने विचारलं, "माणूस जाळला म्हणजे त्याची जखम सुकली, असं धरायचं का?"

कारकून माझ्याकडे बघू लागला. काकीही.

"धर, काकी," मी म्हटलं.

"तेव्हा पण तू असंच बोललीस," ती म्हणाली. पण मग तिने पदर नीट केला, त्याच्याकडे वळली आणि स्पष्ट सांगितलं, "तोफगोळा. तो पडला नव्हता." आणि अंगठा उमटवला.

अर्ज पुढे गेला आहे. उत्तर यायचं आहे. काकी रोज सकाळी फोन करते आणि एवढंच विचारते, "हातपाय बरे हायत ना तुझे?" मी हो म्हणते.

गेल्या आठवड्यात घरी गेले होते. जांभळीखालून जाताना डबी वाजली, मी वर बघितलं आणि त्याच वेळी डाव्या पायाला, घोट्याच्या वर, काहीतरी खोल लागलं. तलासरीच्या दवाखान्यात नर्सने इंजेक्शन भरता भरता विचारलं, कशाने लागलं? तिच्या पुढ्यात वही उघडी होती. काकांना तंबूत काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं.

"पडले," मी म्हटलं. तिने तसं लिहून घेतलं.

कशाने लागलं ते मला माहीत आहे. पण इथे लिहीत नाही. अजून सुकलेलं नाही.