ठाऊक असलेलं वजन

वराझदातचा कुठल्याच तराजूवर विश्वास नव्हता. येरेवानच्या बाजारात तीस वर्षं वजनमापं तपासण्यात घालवलेल्या माणसाचा तो असणार तरी कसा? त्याला लांबून पाहिलं की जर्दाळूवाले पारड्याखाली चिकटवलेला खडा काढून घ्यायचे आणि तो ते नेमकं पाहायचा. निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. चीज आणलं की घरी पुन्हा तोलायचा. बायको शोघेर म्हणायची, "लग्नात मलासुद्धा तोलून घेतलं असशील तू!"

त्याला नाद एकच, बुद्धिबळाची कोडी रचण्याचा. 'पांढऱ्याने पाच चालींत मात करावी' असं लिहायचं आणि उत्तर एकच ठेवायचं. दुसऱ्या वाटेनेही मात होत असेल तर कोडं बाद. शिवाय पहिलीच चाल शह देणारी असली तर रचणारे लोक नाक मुरडतात. बुद्धिबळ क्लबच्या भिंतीवर त्याचं पहिलं बक्षीस मिळालेलं कोडं चौकटीत लावलं होतं. जाता-येता तो तिकडे चुकूनही बघत नसे. लोक म्हणत, केवढा विनय!

शोघेर गेली त्या हिवाळ्यात त्याने तिच्या नावाचं एक कोडं रचलं. क्लबच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तकात ते तिच्या नावासकट यावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. पण संपादकाने नवं खूळ काढलं. म्हणे प्रत्येक कोडं गणकयंत्राकडून तपासून घ्यायचं. यंत्राचा कागद आला: पाच चालींत मात होत नाही.

वराझदातची तळपायाची आग मस्तकात गेली. तो तडक यंत्र असलेल्या संस्थेत गेला. तिथे आरुस्याक नावाची तिशीतली इंजिनियर बाई होती, संस्थेच्या संघात बुद्धिबळ खेळणारी.

"यंत्राला शिकवलं कुणी?" त्याने दारातूनच विचारलं.

"मीच, आजोबा. बसा तरी. कॉफी घ्या."

त्याने आधी कॉफीचा वास घेऊन पाहिला. "काळ्याचा राजा सुटतो कसा, ते दाखव मला."

"सुटतो असं नाही. पांढऱ्याला मी फक्त शह द्यायला लावते. शह बसला की काळ्याकडे दोन-तीनच चाली उरतात. त्या सगळ्या बघायच्या, प्रत्येकीवर पुन्हा शह. एकीतूनही राजा निसटला तर मागे यायचं आणि दुसरा शह धरायचा. साध्या चालीही घेतल्या तर दर वळणावर तीस-तीस फांद्या फुटतात. यंत्र द्राक्षं पिकेपर्यंत मोजत बसेल!"

"म्हणजे माझी पहिली चाल त्याने पाहिलीच नाही?"

"का? शह नाहीये ती?"

"कोड्याची पहिली चाल आणि शह? अगं पोरी, तुला कुणी वळण लावलं की नाही? माझा उंट एक घर मागे येतो. गुपचूप."

आरुस्याक ओशाळली. "आम्ही खेळणारी माणसं, आजोबा. शह दिसला की देऊन मोकळे होतो."

"दिसतंयच ते."

तिने शह नसलेल्या चालीही यंत्राला बघायला लावल्या. आठवड्याने तो पुन्हा संस्थेत गेला तेव्हा तिने कागद हातात दिला: पाच चालींत मात, उत्तर एकच. दुसरा कुणी असता तर नाचला असता. वराझदातने कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"मी आरडाओरडा केला म्हणून असं लिहिलंस?"

"यंत्राला आरडाओरडा ऐकू येत नाही."

"तुला येतो ना!"

आता तिलाही लागलं. "मग काय केलं म्हणजे पटेल तुम्हाला?"

तराजू तपासायची त्याला एकच रीत माहीत होती. ज्याचं वजन आपल्याला पक्कं ठाऊक आहे आणि दुकानदाराला नाही, ते पारड्यात टाकायचं. म्हणजे सदोष कोडं हवं, आणि त्यातला दोष कुठल्याही मासिकात छापलेला नको, नाहीतर तो हिने वाचलेला असायचा. असं कोडं त्याच्याकडे एकच होतं. बक्षीस मिळाल्यावर चार महिन्यांनी, अकरा वर्षांपूर्वी, त्याला त्यात दुसरी मात सापडली होती. ते फक्त शोघेरला माहीत होतं. "सांगून टाक," ती म्हणाली होती. त्याची हिंमत झाली नव्हती.

हातातला कागद घेऊन तो मुकाट्याने घरी जाऊ शकला असता. पण शोघेरच्या नावाखाली संशयाचं काही छापलेलं त्याला सहन होणार नव्हतं. त्याने पट ओढला आणि तो सोंगट्या मांडायला लागला.

"हे तर क्लबच्या भिंतीवरचं!" आरुस्याक म्हणाली.

"लाव यंत्राला."

दुपारी ती परत आली, पण त्याच्याकडे बघेना. "काहीतरी चुकतंय, आजोबा. दोन उत्तरं येतायत. मी पुन्हा लावते."

"दुसऱ्या उत्तरात पहिली चाल कशाची?"

"हत्तीची. कोपऱ्यात जातो."

वराझदातने डोळे मिटले. त्याला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. "बरोबर तोलतंय," तो म्हणाला. "दोन्ही कागद संपादकाकडे पाठव."

"कशाला? कुणाला कळणार आहे? हा दुसरा मी फाडून टाकते."

"बाजारात तीस वर्षं सगळे मला हेच सांगायचे," वराझदात म्हणाला. त्याने टोपी घातली आणि भिंतीवरची चौकट उतरवायला तो क्लबकडे निघाला.