घुबड उतरवलं, पोपट लावला

मंडळी, आज माझं लग्न बहुतेक जमलं. अभिनंदन करू नका, आधी वाचा.

मी ऑटिस्टिक आहे. मनात काय चाललंय ते मला पटकन शब्दांत सापडत नाही, म्हणून रोज एक पक्षी रंगवते आणि हॉलच्या भिंतीवर लावते. धास्ती वाटली की टिटवी. दिवसभर दुसऱ्यांनी शिकवलेलंच बोलावं लागलं की पोपट. आतून अगदी शांत वाटलं की घुबड. आईला हे सगळं ठाऊक आहे.

आज सकाळी, फार दिवसांनी, घुबड लावलं होतं.

दुपारी मला बघायला पाहुणे येणार होते. आई ओरडली, "घुबड काहून लावलं वं? अपशकुन होते! पाहुणे येऊन राहिले." तिनं ते उतरवलं आणि जुन्या चित्रांतला पोपट लावला.

मग मी पोहे दिले आणि आईनं पाठ करून घेतलेलं सगळं बोलले. नजर न चुकवता हसलेसुद्धा.

मुलाची आई म्हणाली, "किती मोकळी बोलते तुमची पोरगी! आवडली आम्हाले."

ते गेल्यावर मी घुबड परत लावायला उठले. आई म्हणाली, "लग्न होईपर्यंत राहू दे ना वं पोपट."

तुम्हीच सांगा, त्या घरात तरी घुबड चालेल का?