नलला हात लावायचा नाही

दातओठ खात करवत कीबोर्ड बडवत होती. नव्या साहेबाने खोडलेली एकेक ओळ परत टाकत होती: पॉइंटर नल असेल, म्हणजे त्यात मेमरीतल्या कुठल्याच जागेचा पत्ता नसेल, तर फ्री करायला, म्हणजे जागा मोकळी करायला, जायचं नाही.

करवत हे तिला जिभेमुळे पडलेलं नाव. भरतकामाच्या मशीनचे कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या त्या कारखान्यात सी भाषेतला कोड तीच लिहायची, आणि मालक तिचा सख्खा मामा. म्हणून लोक तिला घाबरायचे कमी, जळायचे जास्त.

"परत टाकलंत?" साहेब पाठीमागे येऊन उभा राहिला. "सीचा नियम आहे, नल फ्री केला तर काही होत नाही. ते बघणं लायब्ररीचं काम. तुम्ही उगाच कोडला ठिगळं लावताय. मामाच्या घरचं आहे म्हणून चालतंय."

"नियम मला पाठ आहे. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला वाचून दाखवा."

म्हातारा म्हणजे मशीनचं जुनं मॉडेल. त्याचा बोर्ड एका बुडालेल्या कंपनीचा, फ्री वगैरे कामं करणारी तयार कोडची लायब्ररीही त्यांनी घरच्या घरी शिवलेली. पण अर्ध्या गिऱ्हाइकांकडे अजून तोच चालायचा.

आवाज ऐकून मामा आला. "बस झालं. म्हाताऱ्यावर दोघांचा कोड चालवा. ज्याचा अडकेल, त्याने उद्यापासून यायचं नाही."

"मामा, मी पण?"

"इथे मी मामा नाही."

आधी साहेबाचा कोड. नवं डिझाइन घेण्याआधी मशीन जुन्या डिझाइनची जागा मोकळी करतं. चालू केल्या केल्या जुनं डिझाइन नसतंच, पॉइंटर नल. म्हाताऱ्याने तो नल फ्री करायला घेतला आणि तिथेच थिजला. सुई हललीसुद्धा नाही.

"ऐकला का त्याने नियम?" करवत म्हणाली.

मग तिचा कोड. सुई झरझर चालली, कापडावर पान उमटायला लागलं. करवतीने हाताची घडी घातली. तेवढ्यात साहेबाने मुद्दाम रद्दचं बटण दाबलं. सुई थांबली, खरखर झाली आणि म्हातारा पुन्हा थिजला.

करवतीचं तोंड उतरलं. अशी मशीन अडकल्याची तक्रार गिऱ्हाइकांकडून अधूनमधून यायची, आणि ती खुशाल विजेवर ढकलायची. आता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रद्द केलं की जागा मोकळी व्हायची, पण पॉइंटरमध्ये जुना पत्ता तसाच राहायचा. पुढे आवराआवर करताना तिची ओळ विचारायची, नल आहेस का? तो नल नसायचा. मग तीच जागा पुन्हा फ्री. घर सोडल्यावर दारावरची पाटी काढायला ती विसरली होती.

"मग दोघांनाही हाकलू?" मामाने विचारलं.

ती खुर्चीत बसली. सगळ्या ठिगळांऐवजी एकच फंक्शन लिहायला घेतलं: आधी नल आहे का बघायचं, नसेल तर फ्री करायचं, लगेच पॉइंटर नल करायचा. कुठल्याही बोर्डावर, दर वेळी ह्याच दारातून जायचं.

"फंक्शनला नुसता पॉइंटर देऊ नका," साहेब मागून पुटपुटला. "पॉइंटरचा पत्ता पाठवा. नाहीतर नुसती कॉपी नल होईल, खरा तसाच राहील."

"माहितीये मला."

माहीत नव्हतं असं नाही, पण लिहिलं चुकीचंच होतं. तिने खोडलं, नीट केलं, आभार वगैरे मानले नाहीत. साहेबाने बोर्डात कोड भरला, तीनतीनदा रद्द दाबलं. म्हातारा मुकाट्याने पुढचं डिझाइन घेऊन चालायला लागला. नव्या मॉडेलवरही तोच कोड बिनबोभाट चालला.

"राहा दोघं," मामा म्हणाला. "फक्त माझ्यासमोर एकमेकांशी बोलू नका."

ती दोघं तशीही बोलली नाहीत. एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून, एकमेकांचा कोड शिव्या घालत तपासत राहिली. करवतीला कोणी बाहेरच्याने नावं ठेवली, की साहेब त्याच्यावर खेकसायचा, मग तिच्यावर.

पुढे साहेब कारखाना सोडून गेल्यावर करवतीला मामाकडून कळलं, की त्या बुडालेल्या कंपनीत म्हाताऱ्याची लायब्ररी साहेबानेच लिहिली होती.